बॉयलरच्या दोन तारा

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही दोघे इंग्लंडमध्ये लीड्स येथे मुलीकडे राहत होतो. एके दिवशी पहाटे थंडीने जाग आली. रेडिएटरला हात लावून पाहिला तर तो गार पडलेला. दिवाणखान्यातल्या थर्मोस्टॅटवर १४ अंश दिसत होते आणि त्याच्या पडद्यावर ज्योतीचे चित्रही होते. म्हणजे त्याने आपल्या परीने बॉयलरला 'पेट' असे सांगितलेले होते. बॉयलर मात्र स्वस्थ होता. स्वयंपाकघरातल्या नळाला गरम पाणी येत होते, तेव्हा बॉयलरमध्ये बिघाड नव्हता. बिघडली होती ती या दोघांमधली एक पांढरी डबी. थर्मोस्टॅट बिनतारी संदेश पाठवतो, बॉयलरशेजारी बसवलेली ही डबी तो झेलते आणि बॉयलरला कळवते. तिला रिसीव्हर म्हणतात.

दुपारी मिस्त्री आला. त्याने डबीचा वीजपुरवठा बंद केला, तारांमध्ये वीज नाही याची टेस्टरने दोनदा खात्री केली आणि डबी भिंतीवरून उतरवली. मागे चार तारा होत्या. दोन तारा डबीला स्वतःला चालायला वीज देणाऱ्या आणि दोन बॉयलरकडे जाणाऱ्या. त्याच चार तारा त्याने नव्या यंत्राला जोडल्या. हे नवे यंत्र म्हणजे 'स्मार्ट हीटिंग हब'. ते घरातल्या वाय-फायला जोडलेले असते, इंटरनेटवर जाते आणि फोनवरून हुकूम घेते. तास-दीड तासात घर उबदार झाले. आमच्या मनात मात्र त्या दोन तारा घोळत राहिल्या. एवढे हुशार यंत्र आणले, तरी बॉयलरशी बोलायचे ते दोन तारा जोडून किंवा तोडूनच? मग बदलले ते नेमके काय?

याचे उत्तर शोधताना आम्हाला चारशे वर्षे मागे जावे लागले.

कोंबडीऐवजी पेटी

आग पेटवणे माणसाला फार पूर्वीपासून येते. ऊब हवी तेवढीच ठेवणे ही मात्र वेगळी विद्या आहे. चुलीपुढे बसलेली बाई भाकरीकडे पाहून लाकूड पुढे सारते किंवा मागे ओढते. ती परिणाम पाहते आणि त्यावरून कारण कमीजास्त करते. तंत्रविज्ञानात यालाच फीडबॅक म्हणतात. हे काम माणसाविना व्हावे, यासाठी केलेले आपल्याला माहीत असलेले पहिले यंत्र कॉर्नेलिस ड्रेबेल याचे.

ड्रेबेल (१५७२-१६३३) हा हॉलंडमधल्या आल्कमार गावचा. पुढे तो इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला गेला. १६२० च्या सुमारास लंडनमध्ये थेम्स नदीत पाण्याखालून नाव चालवून दाखवणारा ड्रेबेल तो हाच. त्याने अंडी उबवण्यासाठी एक पेटी तयार केली. पेटीला दुहेरी भिंती होत्या आणि त्यांच्यामध्ये पाणी होते. खाली विस्तव, आणि त्याचे गरम वायू पेटीभोवतीने फिरून वरच्या भोकातून बाहेर जात. पाण्यात एक काचेचे पात्र बुडवलेले असे. त्यात अल्कोहोल आणि त्याला लागून वाकड्या नळीत पारा. पाणी तापले की अल्कोहोल प्रसरण पावे, पाऱ्याला वर ढकली, पाऱ्यावर तरंगणारी काडी उचलली जाई आणि तरफेच्या साहाय्याने वरच्या भोकावर झडप बसवी. वायूंना वाट उरली नाही की विस्तव मंदावे. पाणी निवले की सारे उलट होई.

या पेटीत आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की त्या काळी तापमापकावरचे अंशसुद्धा ठरलेले नव्हते. फॅरेनहाइटने आपली श्रेणी मांडली ती १७२४ मध्ये. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस लागतात हे आज आपण सांगू शकतो. ड्रेबेलजवळ असा आकडा नव्हता. तरीही त्याला तापमान स्थिर राखता आले, कारण काडीची लांबी कमीजास्त करून त्याला 'इतकेच' असे यंत्राला सांगता येत होते. मोजायच्या आधी राखणे जमले! 'आधी मोजा, मग नियंत्रण करा' असा आपण वर्गात सांगतो तो क्रम इतिहासाने पाळलेला दिसत नाही.

दीडशे वर्षांनंतर पॅरिसच्या बॉनमँ या माणसाने पुन्हा अंड्यांसाठीच असे यंत्र बनवले. १७८३ च्या त्याच्या नियंत्रकात शिशाची नळी आणि तिच्या आत लोखंडी दांडा होता. शिसे लोखंडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते. या फरकाने तरफ हलून विस्तवाची हवा कमी होई. आणखी महत्त्वाचे म्हणजे त्याने ही ऊब गरम पाणी नळांतून फिरवून पेटीपर्यंत नेली होती. लीड्समधल्या त्या घरातले रेडिएटर याच कुळातले.

वाकणारी पट्टी

दोन धातूंच्या प्रसरणातला फरक फार लहान असतो. पितळ आणि पोलाद यांची दहा सेंटिमीटरची पट्टी घेतली आणि तापमान वीस अंशांनी वाढवले, तर दोघींच्या लांबीत फरक पडतो तो जेमतेम ०.०१४ मिलिमीटरचा. एवढ्याशा हालचालीने काय हलणार? पण याच दोन पट्ट्या एकमेकींवर घट्ट जोडल्या आणि दोन्ही मिळून जाडी अर्धा मिलिमीटर ठेवली, तर जोडपट्टी वाकते आणि तिचे मोकळे टोक सुमारे दोन मिलिमीटर सरकते. म्हणजे दीडशे पट. शिक्षकांनी हे गणित अकरावी-बारावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर अडगळीत सापडला तर तोही उघडावा. आतल्या काचेच्या दिव्यात वाकडी केलेली जी बारीक पत्ती दिसते, ती द्विधातू पट्टीच होय. दिवा मात्र फोडू नये.

ही पट्टी वापरात आणली ती जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी त्याने केलेल्या तिसऱ्या घड्याळात ती होती. या एका घड्याळावर तो १७४० पासून १७५९ पर्यंत झटला. ऊन-थंडीने घड्याळ पुढेमागे होऊ नये एवढाच तिचा उपयोग होता. आग ताब्यात ठेवायला तिला जुंपले ते अँड्र्यू यूर या ग्लासगोच्या रसायनशास्त्रज्ञाने. १८३० मध्ये त्याने आपल्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्याला थर्मोस्टॅट हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या 'उष्ण' आणि 'स्थिर' या अर्थाच्या शब्दांपासून त्याने ते बनवले. (१८१८ मध्ये ग्लासगोत फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेतातून वीज सोडून त्याचे हातपाय हलवून दाखवणारे यूर ते हेच. विज्ञानाच्या इतिहासात अशी माणसे भेटतात.) शब्द राहिला, यूरचे उपकरण मात्र फारसे चालले नाही.

एका शिक्षकाची कटकट

आता या गोष्टीतला आमचा आवडता भाग. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी एक नॉर्मल स्कूल होते. आपल्याकडेही जुन्या काळी शिक्षकांना तयार करणाऱ्या शाळेला नॉर्मल स्कूलच म्हणत. तिथे १८७६ पासून वॉरन जॉन्सन नावाचे गृहस्थ शिकवत असत. हिवाळ्यात तळघरात भट्टी पेटे आणि तिची ऊब वर्गावर्गांत जाई. प्रत्येक वर्गात किती ऊब आहे हे तळघरात कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून शाळेचा शिपाई थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक वर्गात येई, तापमापक पाही आणि खाली जाऊन झडपा कमीजास्त करी. शिकवण्याची लय लागते न लागते तोच दार वाजायचे. ज्यांनी तास घेतले आहेत त्यांना ही कटकट वेगळी समजावून सांगायला नको.

जॉन्सन यांनी द्विधातू पट्टी गुंडाळून तिची कमान केली. वर्ग गार झाला की कमानीच्या हालचालीने विद्युतमंडल पूर्ण होई आणि तळघरात घंटा वाजे. शिपाई झडप उघडी. १८८३ च्या जुलैमध्ये त्यांना याचे पेटंट मिळाले. दोन वर्षांनी मिलवॉकी येथे त्यांनी कंपनी काढली आणि शिकवणे सोडले.

इथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. ड्रेबेलच्या पेटीत शोध घेणारे आणि झडप हलवणारे एकाच ठिकाणी होते. जॉन्सन यांनी ती दोन कामे वेगळी केली. ऊब किती आहे हे वर्गात कळणार, आग तळघरात आवरली जाणार, आणि मधून बातमी नेणार दोन तारा. त्या तारांना बोलता येणारे शब्द दोनच, 'जोडले' आणि 'तुटले'. आमच्या मुलीच्या स्वयंपाकघरातल्या दोन तारांची ही पणजी.

त्या पहिल्या रचनेत शिपाई अजून होताच. त्याला वगळले ते मिनिॲपोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांनी. १८८६ च्या त्यांच्या पेटंटात घंटेच्या जागी एक छोटी मोटर आली. खोली गार झाली की मोटरचा दांडा अर्धा वळसा घेई आणि साखळीने कोळशाच्या भट्टीची हवेची झडप उचली. पहाटे चारला उठून भट्टीत हवा सोडण्यातून कित्येक घरे सुटली. बुट्झ यांचा व्यवसाय हातोहाती फिरत शेवटी १९२७ मध्ये हनीवेल यांच्या कंपनीत मिळाला. याच कंपनीचा १९५३ चा गोल थर्मोस्टॅट बराच काळ अमेरिकी घरांच्या भिंतींवर दिसे. हेन्री ड्रेफस यांनी त्याचे रूप ठरवले होते. आत द्विधातूची गुंडाळी आणि तिच्या टोकाला काचेची कुपी, कुपीत पाऱ्याचा थेंब. गुंडाळी वळली की कुपी कलंडे आणि पारा घरंगळून दोन टोके जोडी. पुढे पाऱ्याच्या विषारीपणामुळे ही रचना मागे पडली.

या थर्मोस्टॅटात एक गंमतीचा भाग होता. खोली हव्या तितकी तापली की तो भट्टी बंद करी, पण भट्टीत साठलेली उष्णता येतच राही आणि खोली जास्त तापे. मग निवताना उशीर, पुन्हा पेटताना उशीर. यावर तोड म्हणून थर्मोस्टॅटच्या पोटातच एक बारीकशी तापणारी तार ठेवली. भट्टी चालू असताना ती पट्टीला थोडी अगोदरच ऊब देई, म्हणजे थर्मोस्टॅटची फसगत करी, आणि भट्टी वेळेआधी बंद होई. खोली नेमक्या ठिकाणी येऊन थांबे. सूत्र नाही, आकडेमोड नाही, केवळ एका तारेने यंत्राला पुढचे दिसू लागले होते.

इंग्लंडची थंडी

इंग्लंडमध्ये या साऱ्याचा प्रसार उशिरा झाला. १९७० मध्येही निम्म्याहून कमी घरांत सगळ्या खोल्या तापवण्याची सोय होती. एका खोलीत शेकोटी आणि बाकीच्या गारठलेल्या, अशीच राहणी होती. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची उपकरणे कोळशापासून केलेल्या वायूवरून या नव्या वायूवर आणली गेली. गॅसचा बॉयलर घरोघर गेला तो त्यानंतर. आज दहांपैकी नऊहून अधिक घरांत अशी सोय आहे, आणि म्हातारी माणसे असलेल्या घरात ती एक दिवस बंद पडणे ही गैरसोय उरत नाही, धोका होतो. त्या सकाळी मुलीच्या ऐंशी वर्षांच्या शेजारणीने आम्हाला आपल्या घरी बोलावून बसवले, ते काही केवळ चहासाठी नव्हे.

भिंत फोडून तारा ओढणे महाग पडते म्हणून पुढे बिनतारी थर्मोस्टॅट आले. पट्टीच्या जागी थर्मिस्टर आला. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. थर्मोस्टॅट हे वाचून रेडिओलहरींनी संदेश पाठवतो. युरोपात त्यासाठी बहुधा ८६८ मेगाहर्ट्झ वारंवारता वापरतात, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. विटांच्या भिंतीतून ती बऱ्यापैकी पार होते. रिसीव्हर संदेश ओळखून आपला रिले ओढतो आणि बॉयलरच्या दोन तारा जोडल्या जातात. संदेश बराच वेळ आलाच नाही तर शहाणा रिसीव्हर रिले सोडून देतो, कारण न विचारता पेटत राहण्यापेक्षा विझलेले बरे. सहज जाता जाता सांगायचे तर, यांतल्या काही यंत्रांत त्या दोन तारांमधून २३० व्होल्ट जातात आणि काहींत मुळीच नाही. चुकीच्या ठिकाणी २३० व्होल्ट गेले तर बॉयलरचा आतला मेंदू जळतो. म्हणून मिस्त्री आधी बॉयलरचे पुस्तक उघडून बसला होता. ब्रिटनमध्ये गॅसचे काम नोंदणीकृत माणसानेच करायचे असाही कायदा आहे.

'पेट' आणि 'किती पेट'

आता हबकडे वळू. नुसता रिले बदलून दुसरा रिले आणला तर बॉयलरच्या दृष्टीने काहीच घडत नाही. खरा प्रश्न आहे तो 'पेट' याऐवजी 'किती पेट' हे सांगता येण्याचा. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. ती धुराड्यातून निघून गेली की आपला अप्रकट उष्मा बरोबर नेते. रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून गार असेल, तर ही वाफ बॉयलरमध्येच निवून पाणी होते आणि तो उष्मा आपल्याला मिळतो. असे बॉयलर इंग्लंडमध्ये २००५ पासून जवळपास सर्वत्र बंधनकारक आहेत. पण त्यांचा फायदा व्हायचा तर ते मंद आणि सलग जळले पाहिजेत. 'जोडले-तुटले' म्हणणाऱ्या तारांना हे सांगता येत नाही. यासाठी १९९६ मध्ये युरोपात 'ओपनथर्म' नावाची संदेशभाषा ठरली. तारा दोनच, पण त्यांवरून 'पाणी ४८ अंशांना दे' असे आकडे जातात.

मुलीच्या बॉयलरला ही भाषा येत नव्हती. तिथे हब दुसरी युक्ती करतो. दर दहा मिनिटांतली चार मिनिटे पेट, सहा मिनिटे थांब. खोली हव्या त्या अंकाच्या जवळ आली की तीन मिनिटे, मग दोन. दोनच शब्द, पण ते म्हणण्याच्या वेळेतून 'किती' सांगितले जाते. १९५३ च्या त्या तापणाऱ्या तारेचे काम आता गणिताने होते, इतकेच. या बाबतीत आम्हाला हब आवडला.

जे आवडले नाही ते वेगळे आहे. ड्रेबेलच्या पेटीत निर्णय पेटीतच होत असे, जॉन्सन यांच्या शाळेत तो वर्गात होई. आज काही यंत्रांत तो घराबाहेर, कोणा कंपनीच्या दूरच्या संगणकावर होतो, किंवा त्याच्या संमतीवाचून काही भाग चालत नाही. जानेवारी २०१६ मध्ये नेस्ट कंपनीच्या थर्मोस्टॅटांत सॉफ्टवेअरच्या एका चुकीने बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरे गारठली. हीच कंपनी २०१४ मध्ये गुगलने ३.२ अब्ज डॉलरना घेतली होती. तिच्या २०११ आणि २०१२ च्या थर्मोस्टॅटांचा फोनशी असलेला संबंध २५ ऑक्टोबर २०२५ पासून तोडण्यात आला. हाताने फिरवले तर ते चालतात, म्हणून घरे गार पडली नाहीत. पण १९५३ च्या गोल थर्मोस्टॅटला कोणी दुरून निवृत्त करू शकत नव्हते.

म्हणून आम्ही मिस्त्रीला विचारले, ''इंटरनेट गेले तर?'' तो काही बोलला नाही. त्याने राउटरची पिन काढली आणि हबवरचे एक बटण दाबले. टक् असा आवाज झाला आणि बॉयलर पेटला. वेळापत्रक हबच्या पोटातच आहे, फोनवरून हुकूम तेवढे बंद पडतील, असे तो मग म्हणाला. हेच आम्ही कोणालाही हब घेण्याआधी विचारायला सांगू.

जुनी डबी आम्ही मागून घेतली आणि सामानातून गावी आणली. गेल्या महिन्यात इथल्या शाळेत नववीच्या मुलांसमोर ती उघडली. आत एक कपॅसिटर फुगून फाटला होता. रिले शाबूत होता आणि त्यावर १२ व्होल्ट असे लिहिलेले होते. एका शिक्षकांच्या स्कूटरची बॅटरी आणली, रिलेच्या टोकांना टॉर्चचा दिवा आणि दोन सेल जोडले. शेवटच्या बाकावरची मुलगी उठून पुढे आली, तिने तारा बॅटरीला टेकवल्या. टक् झाले, दिवा लागला. तिने तारा उचलल्या, पुन्हा टक्. मग सगळ्यांनाच ते करून पाहायचे होते, आणि तासाची घंटा झाली.